चोरून आणलेल्या संतिणीचं गाव

प्रश्न: ताई, मागच्या अंकात तुम्ही फ्रान्समधल्या कॉंक या खेड्याचा ओझरता उल्लेख केला होता. नकाशावर शोधलं, तर ते सगळ्यांपासून लांब, डोंगरांच्या बेचक्यात निघालं. एवढ्याशा गावात एवढं भलंमोठं चर्च कुणी आणि कशासाठी बांधलं?

उत्तर: चोरीमुळे. आधी जागा समजून घ्या. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यात ऊश नावाचा ओढा दूर्दू नदीला मिळतो. तिथल्या उन्हाच्या उतारावर हे गाव बसलं आहे. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. घरांची छपरं शिस्ट दगडाच्या पातळ फरश्यांची, गल्ल्या पायऱ्यांसारख्या चढत्या. नवव्या शतकात इथे बेनेडिक्टाइन साधूंचा लहानसा मठ होता. त्यांच्याकडे प्रार्थना होती, चिकाटी होती, पण माणसांना ओढून आणील असा संत नव्हता. संताच्या अस्थी नाहीत म्हणजे यात्रेकरू नाहीत आणि यात्रेकरू नाहीत म्हणजे दान नाही.

आजां या शहरात सेंत फ्वा या संतिणीच्या अस्थी होत्या. परंपरा सांगते, की ही जेमतेम बारा वर्षांची मुलगी रोमन सत्तेच्या काळात, चौथ्या शतकाच्या आरंभी, धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल मारली गेली. कॉंकचा एक साधू आजांला जाऊन राहिला, वर्षानुवर्षं तिथल्यांचा विश्वास कमावत बसला आणि 866च्या सुमारास अस्थी घेऊन पसार झाला. कॉंकच्या लेखी यात गैर काहीच नव्हतं. संतिणीच्या मनात नसतं, तर तिने स्वतःला उचलू दिलं असतं का? हा युक्तिवाद मला भारी आवडतो. त्याला उत्तर देता येत नाही.

मग तिचे चमत्कार गाजू लागले. बंदिवानांना सोडवणारी म्हणून तिची ख्याती. सुटलेले कैदी बेड्या घेऊन यायचे आणि तिच्यापुढे वाहायचे. गाभाऱ्याभोवतीच्या लोखंडी जाळ्या त्याच बेड्या वितळवून घडवल्या, असं गावात सांगतात. ल प्वी या फ्रेंच गावाहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाला जाणारे यात्रेकरू इथे थांबत. गर्दी वाढली, म्हणून अकराव्या शतकात मोठं चर्च बांधायला घेतलं, ते बाराव्या शतकापर्यंत चाललं. तिची बैठी मूर्ती आजही खजिन्याच्या दालनात आहे. आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा आणि रत्नं. मुखवटा मात्र मुळात उशिराच्या रोमन काळातला, दुसऱ्याच कुणाचा. मला ही मूर्ती सुंदर वाटत नाही, दराऱ्याची वाटते. ती डोळे वटारून बघते.

मुख्य दारावर अर्धगोल शिल्पफलक आहे: अंतिम न्यायाचा दिवस, 124 आकृत्या. स्वर्गाची बाजू नीटनेटकी आणि थोडी कंटाळवाणी. नरकाच्या बाजूला मात्र शिल्पकाराचा हात मोकळा सुटला आहे. कंजूष माणूस गळ्यात थैली अडकवून लटकतोय, गर्विष्ठ सरदार घोड्यावरून उलटा पडतोय, सशाच्या तोंडाचा सैतान शिकाऱ्याला भाजतोय. कमानीच्या काठावरून काही छोटे चेहरे चोरून डोकावतात, तेवढे विसरू नका. बघे कुठल्याही काळात असतातच.

प्रश्न: हे गाव इतकं जसंच्या तसं कसं जपलं?

उत्तर: जपलं कुठे? पैसा संपला. यात्रा आटत गेली, 1537 मध्ये मठाचं मठपण गेलं, 1568 मध्ये, कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धात, चर्चला आग लागली. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं राहिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत सोनं जप्त होणार हे कळल्यावर गावकऱ्यांनी खजिना आपापसांत वाटून लपवला आणि पुढे परत आणून दिला. हे खरं कौतुकाचं. पण त्याच गावाने मठाच्या अंगणातल्या ओवऱ्यांचे दगड काढून घरं बांधली, हेही लक्षात ठेवा. 1837 मध्ये सरकारी स्मारकांचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथे पोचले. अशा ओसाड जागी एवढी संपत्ती पाहून ते चकित झाले आणि त्यांच्या खटपटीमुळे चर्च वाचलं. 1873 मध्ये प्रेमोंत्रे पंथाचे साधू आले. यात्रेकरूंचं स्वागत अजूनही तेच करतात.

प्रश्न: तिथे आता राहतं कोण? गावाचा कारभार कोण बघतं?

उत्तर: खुद्द कॉंकमध्ये तीनशेच्याही आत माणसं. पूर्वी उतारांवर द्राक्षमळे होते, चेस्टनटची झाडं होती. पण असल्या जमिनीवर पोट भरेना, तेव्हा आव्हेरोंची माणसं पॅरिसला गेली आणि तिथे कोळशाची दुकानं, मग कॅफे चालवू लागली. पॅरिसच्या कॅफेंचा इतिहास या जिल्ह्याशिवाय लिहिता येत नाही.

फ्रान्समध्ये जवळपास 35,000 कम्यून, म्हणजे गाव-शहरांचे स्थानिक कारभाराचे घटक, आहेत आणि प्रत्येकाला मेयर असतो. जन्माची नोंद आणि लग्न लावणं ही त्याचीच कामं. चर्चसुद्धा कम्यूनच्या मालकीचं, 1905च्या कायद्यापासून. म्हणजे छप्पर गळलं, तर काळजी पाद्र्याला नव्हे, नगरपालिकेला. 1 जानेवारी 2016ला कॉंक शेजारच्या तीन कम्यूनमध्ये मिसळलं. आता कागदावर नाव आहे कॉंक-आं-रुएर्ग.

प्रश्न: एवढ्या जुन्या चर्चला साध्या पांढुरक्या काचा का बसवल्या? फोटोत फार उघडंबोडकं दिसतं.

उत्तर: फोटोवर जाऊ नका. या काचा चित्रकार पिएर सुलाज यांच्या, 1994 मध्ये पूर्ण झालेल्या. ते जवळच्या रोदेझचे. शाळकरी वयात हे चर्च पाहून त्यांनी कलेत आयुष्य घालवायचं ठरवलं होतं. 104 खिडक्यांसाठी त्यांनी खास काच घडवून घेतली. तिच्यातून पलीकडचं दिसत नाही, पण उजेड येतो आणि दिवसभर त्याचा रंग बदलत जातो. आधीच्या रंगीत चित्रकाचा काढल्या, म्हणून तेव्हा पुष्कळ जण चिडले. मला विचाराल, तर त्या दगडांवर रंगांचे ठिपके पडणं हीच खरी नासाडी होती.

प्रश्न: खायला काय मिळतं?

उत्तर: अलिगो, म्हणजे बटाटा आणि ताजं चीज घोटून केलेला, हातभर ताणला जाणारा लगदा. आणि एस्तोफिनादो: नॉर्वेचा सुकवलेला कॉड, बटाटे, अंडी, वर अक्रोडाचं तेल. समुद्रापासून इतक्या लांब तो मासा पोचला लॉत नदीतल्या होड्यांमधून. पण तो थंडीतलाच पदार्थ आहे. ऑगस्टात जाणाऱ्यांनी आशा धरू नये.