पहिल्या महायुद्धात विमानं असतानाही टेहळणीसाठी फुगे का वापरत? आणि त्यातली माणसं वाचत का?

माझ्या मते मुख्य कारण टेलिफोनची तार. उंची आणि वेग यांत विमान सरसच होतं, पण त्यातून बोलता येत नसे. बिनतारी यंत्र असलंच तर मोर्स संकेत फक्त खाली पाठवता येत. तोफखान्याला वर काही कळवायचं झालं तर जमिनीवर कापडाच्या पट्ट्या अंथरून ठेवाव्या लागत. फुगा मात्र पोलादी दोराने जमिनीवरच्या विंचला (दोर गुंडाळायच्या यंत्राला) बांधलेला असे आणि त्याच्या टोपलीत टेलिफोन असे. गोळा कुठे पडला ते निरीक्षक तिथल्या तिथे सांगे, पुढचा गोळा नेम सुधारून सुटे. शिवाय विमानाला इंधन संपत आलं की परतावं लागे. फुगा तासन्‌तास एकाच जागी. तोच मुलूख रोज न्याहाळणाऱ्याला काल नसलेली पायवाट किंवा नव्याने उकरलेली माती चटकन कळते. हा फायदा मला उंचीपेक्षाही मोठा वाटतो.

गोल फुग्याने हे साधलं नसतं. फ्रेंचांनी १७९४ साली फ्लरुसच्या लढाईत दोराने बांधलेला गोल फुगा वापरला होता, पण वारा सुटला की असा फुगा गरगरतो आणि दुर्बीण स्थिर राहत नाही. पुढे जर्मनांनी वाऱ्यावर पतंगासारखा तोलून राहणारा लांबट फुगा बनवला. १९१६ मध्ये फ्रेंच अभियंता आल्बेर काको याने मागे तीन फुगीर पंख जोडले, तेव्हा जोरदार वाऱ्यातही निरीक्षण जमू लागलं. हे फुगे साधारण हजार-दीड हजार मीटरपर्यंत चढवत. १२०० मीटरवरून क्षितिज गणिताने १२० किलोमीटरच्या पुढे जातं. धूर आणि धुक्यामुळे कामाचं दिसे ते त्याच्या फार अलीकडचं.

आता माणसांबद्दल. फुग्यात हायड्रोजन असल्याने आग लावणारी गोळी लागली की तो पेटे. पण निरीक्षकाच्या अंगावर पट्टे बांधलेले असत आणि पॅराशूट टोपलीच्या बाहेर पिशवीत अडकवलेलं असे. उडी मारली की वजनानेच ते बाहेर ओढलं जाई. दोस्तांच्या लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट मिळत नव्हतं, निरीक्षकांना मिळे. त्यामुळे पुष्कळ जण वाचले. पेटलेलं कापड वरून पॅराशूटवर पडलं तर मात्र सुटका नव्हती.

हल्ला करणाऱ्यालाही हे काम सोपं नव्हतं. फुग्याची उंची खालच्या तोफांना आधीच ठाऊक असे, आणि विमानाला यावं लागे ते नेमकं त्याच उंचीवर. बेल्जियमच्या विली कोपन्सचे ३७ पैकी बहुतेक विजय फुग्यांवरचे होते. ऑक्टोबर १९१८ मध्ये अशाच हल्ल्यात त्याने पाय गमावला. अमेरिकेचा फ्रँक ल्यूक २९ सप्टेंबर १९१८ रोजी तीन फुगे पाडून मारला गेला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता.