पाच मिनिटांचा हिशेब

मागच्या अंकात 'फॅन' या २०१६ सालच्या हिंदी चित्रपटाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्याच विषयाला देते. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, निवडक घेतली आहेत.

ताई, आम्ही मायलेकींनी 'फॅन' घरी बसून पाहिला. मला त्या मुलाची भीती वाटली. लेक म्हणते, चूक त्या नटाची, पाच मिनिटं दिली असती तर एवढं रामायण घडलंच नसतं. तुम्ही कुणाच्या बाजूने?
— एक वाचक, सांगली

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. दिल्लीच्या इंदर विहारमध्ये राहणारा, सायबर कॅफे चालवणारा गौरव चांदना हा आर्यन खन्ना नावाच्या मोठ्या नटाचा भक्त. चेहराही बराचसा त्याच्यासारखा. गल्लीतल्या स्पर्धेत त्याची नक्कल करून बक्षीस मिळवतो आणि ती ट्रॉफी त्याला वाढदिवसाला द्यायची म्हणून मुंबई गाठतो. नट पहिल्यांदा मुंबईत आला तेव्हा विनातिकीट आला होता, म्हणून हाही विनातिकीट येतो. तो ज्या हॉटेलच्या ज्या खोलीत उतरला होता, तीच खोली मागतो. बंगल्याबाहेर गर्दीत उभा राहतो, पण भेट काही होत नाही. मग आपल्या देवाशी भांडलेल्या एका तरुण नटाला तो मारहाण करतो आणि माफी मागतानाचं त्याचं चित्रण आर्यनला पाठवतो, भेट म्हणून. आर्यन त्याला पोलिसांच्या ताब्यात देतो. कोठडीत दोघं समोरासमोर येतात. मुलगा पाच मिनिटं मागतो, नट नाही म्हणतो.

तुमच्या लेकीला तो प्रसंग लागला हे मी समजू शकते. मलाही लागला, पण वेगळ्या कारणाने.

१९८७ ते १९९३ अशी सहा वर्षं मी अंधेरीला एका नटाच्या ऑफिसात पत्रं बघायचं काम केलं. नाव सांगणार नाही. रोज दुपारी पोस्टमन कापडी पिशवी भरून पत्रं आणून टाकायचा. पोस्टकार्डं एकीकडे, अंतर्देशीय एकीकडे, पाकिटं वेगळी. पाकिटांत राख्या निघायच्या, अंगारा निघायचा, एकदा तर डिंकाचे लाडू निघाले, प्रवासात भुगा झालेले. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असायची, सहीचा फोटो. फोटो छापून गठ्ठ्याने यायचे. सह्या मात्र साहेब करत नसत. त्यांना वेळच नव्हता, आणि ते खोटंही नव्हतं. त्या सह्या मी करायचे. आठवडाभर कागदावर गिरवून मी ती सही शिकले. शेवटचं अक्षर वर ओढून त्याखाली दोन टिंबं.

ते फोटो लोकांनी चौकटीत बसवून देवघराशेजारी लावले. तसं पत्रांतूनच कळायचं. अजून कुठल्याशा घरात माझ्या हातची सही भिंतीवर असेल. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. गौरवला पाच मिनिटांचा हक्क होता, असं मी मानत नाही. नट म्हणतो की माझा वेळ माझा आहे आणि तो तुला देण्याचं बंधन माझ्यावर नाही. यात शब्दानेही चूक नाही. पण हे तो कुणाला ऐकवतो? गजाआडच्या मुलाला, ज्याला त्याने स्वतःच तिथे बसवलंय. आणि वर्षानुवर्षं गच्चीवरून हात पसरून याच मुलाला सांगत आलेला असतो की तुम्ही आहात म्हणून मी आहे. मुलाने ते वाक्य खरं मानलं. फोटोवरची सही खरी मानावी तसं.

मुलाची चूक प्रेमात नाही, खतावणीत आहे. मी तुझ्यासाठी इतकं केलं, आता तू माझं इतकं देणं लागतोस, अशी वही त्याने मनात उघडली. पाच मिनिटं मिळाली असती तर त्याने दहा मागितली असती, हे मला पोटातून वाटतं. त्यामुळे तुमच्या लेकीशी मी अर्धीच सहमत आहे.

चित्रपट अपुरा का वाटतो, तेही सांगते. कोठडीपर्यंत तो त्या मुलाच्या मनात राहतो. घरी परत येऊन मुलगा भिंतीवरचे सगळे फोटो, पोस्टर जाळतो, तिथपर्यंत मी खुर्चीला खिळले होते. मग गोष्ट लंडनच्या मादाम तुसाँच्या संग्रहालयात जाते, तिथून क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला. नुसती पळापळ होते आणि छपरांवरून उड्या पडतात. सायबर कॅफेतला तो पोरगा कुठेतरी मागेच राहतो. शेवटी दिल्लीत, छपरावरून लोंबकळताना, नटाने धरलेला हात तो स्वतः सोडतो, तुला नाही कळणार असं काहीसं म्हणून. तेव्हा तो पुन्हा सापडतो, पण फार उशिरा.

दोन्ही भूमिका खरंच शाहरुख खाननेच केल्या आहेत का? आमच्या घरात पैज लागली आहे.
— एक प्राध्यापक, लातूर

हो, दोन्ही त्यानेच. गौरवचं नाक, दात, गाल यांचा मेकअप ग्रेग कॅनम या अमेरिकन रंगभूषाकाराचा. 'बेंजामिन बटन'च्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळालेला हाच तो माणूस. अंगकाठी बारीक आणि कोवळी दिसावी म्हणून वर संगणकाची करामत केली आहे. चित्रपट आला तेव्हा शाहरुख पन्नाशीचा होता आणि गौरव जेमतेम पंचविशीचा.

पण पैज जिंकलेल्याला एवढं सांगा की पुन्हा बघताना मेकअपकडे बघू नका. गौरव बोलताना वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू करतो, कारण त्याचं कुणी ऐकून घेतलेलंच नाही. आर्यन प्रत्येक वाक्यानंतर थांबतो, कारण सगळे ऐकणारच आहेत याची त्याला खात्री आहे. मला तरी खरा अभिनय तिथे दिसला.

सुरुवातीला आर्यनची कारकीर्द म्हणून जी जुनी दृश्यं आणि मुलाखती दिसतात, त्या शाहरुखच्याच आहेत. म्हणजे नट खोटा, पण त्याचा भूतकाळ खरा. दिग्दर्शक मनीष शर्मा यांचं हे धाडस मला फार आवडलं. 'फॅन' काढणाऱ्या याच यशराज फिल्म्सच्या 'डर'मध्ये १९९३ साली शाहरुख एका मुलीच्या मागे लागलेला वेडा आशिक झाला होता. तेव्हा थिएटरात त्याच्या वेडावर टाळ्या पडत होत्या, मी स्वतः ऐकल्यात. माझ्या शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी मात्र मध्यंतरात उठून गेली ती परत आली नाही. बाईचा असा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात यायला २०१३ साल उजाडलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यात सचिन पिळगांवकरांची मुलगी आहे म्हणे?
— एक वाचक, बेळगाव

आहे. श्रिया पिळगांवकर, गौरवची मैत्रीण नेहा. मराठीत ती आधी 'एकुलती एक'मध्ये दिसली होती. गौरवची आई दीपिका देशपांडे-अमीन यांनी केली आहे, आणि पोराने सगळं जाळल्यावर त्या घरात जी शांतता पसरते ती त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. आर्यनची बायको झालेली वलुशा डिसूझा मूळची गोव्याची.

'जबरा फॅन' हे गाणं चित्रपटात नाही म्हणून कुणीतरी कोर्टात गेलं होतं, हे खरं का?
— एक वाचक, जालना

अगदी खरं, आणि तुमच्या शेजारच्याच गावातलं. त्या वेळच्या औरंगाबादमधल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका शिक्षिकेने ही तक्रार केली होती. टीव्हीवर चित्रपटाच्या झलकेत गाणं बघून त्या कुटुंबासह चित्रपटाला गेल्या. मुलं गाण्याची वाट बघत बसली आणि ते काही आलंच नाही. जिल्हा ग्राहक मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र निर्मात्यांना दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च द्यायला सांगितलं. राष्ट्रीय आयोगानेही तेच कायम ठेवलं. निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ एप्रिल २०२४ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. झलक म्हणजे करार नव्हे, तिच्यात दिसलेली प्रत्येक गोष्ट चित्रपटात असेल असं वचन त्यातून निघत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

कायद्याने हे बरोबरच असणार. पण त्या बाईंबद्दल मला आदर आहे. थिएटरातून चरफडत बाहेर पडणारे खूप असतात, रीतसर अर्ज करून आठ वर्षं तो लढवणारं एखादंच माणूस. गाणं वगळलं ते मात्र योग्य केलं. अख्ख्या चित्रपटात एकही गाणं नाही, आणि त्या मुलाच्या घुसमटीत कुणी नाचायला लागलं असतं तर गोष्टच विस्कटली असती. मग ते घराघरांत वाजवायचं कशाला, हा त्या शिक्षिकेचा सवाल मला रास्त वाटतो. गाणं अनेक भाषांत काढलं होतं, मराठीतलं अवधूत गुप्ते यांनी गायलं आहे. म्हणजे हाक तर आपल्याच भाषेत मारली होती.

ताई, माझा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. २ नोव्हेंबरला, शाहरुखच्या वाढदिवसाला, क्लास बुडवून त्याच्या बंगल्यासमोर उभा होता, रात्री साडेबाराला घरी आला. खोलीभर फोटो आहेत. त्याच्या वडिलांनी ते फाडून टाकायची भाषा केली. 'फॅन' पाहिल्यापासून माझी झोप उडाली आहे.
— एक आई, डोंबिवली

आधी फोटोंचं. त्याच्या वडिलांना सांगा, एकही फाडू नका. त्या चित्रपटातली सगळ्यात भयानक गोष्ट मला मारामारी वाटली नाही, ते फोटो जाळणं वाटलं. भिंत रिकामी होते आणि मुलगा आत तसाच भरलेला राहतो.

तुम्हाला त्या ऑफिसातली एक हकीकत सांगते. कोल्हापूरकडच्या एका गावातून एक मुलगा पत्र लिहायचा. पत्राच्या डोक्यावर नंबर घातलेला असे. पत्र नंबर चाळीस, पत्र नंबर नव्वद. मी दोनदा फोटो पाठवला होता. दोनशे अकराव्या पत्रात सूर बदलला. मी दोनशे दहा पत्रं लिहिली, तुमच्याकडून दोन आली, बाकीच्यांचं काय, असं त्याने विचारलं. मी ते पत्र साहेबांच्या सेक्रेटरींना दाखवलं. ते म्हणाले, उत्तर देऊ नका.

पंधरा दिवसांनी तो दारात उभा. पांढरा शर्ट, एसटीच्या प्रवासाने चुरगळलेला, हातात कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही. साहेब उटीला शूटिंगला होते, खरंच होते. मी त्याला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि हातातलं काम करत राहिले. तो बसून राहिला, दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत. मधे मी सहज विचारलं, तुमच्या गावात थिएटर आहे का? तर तो बोलायला लागला. तंबूतला सिनेमा, रिळं बदलताना होणारा अंधार, डोअरकीपरचं काम करणारे त्याचे वडील, दोन वर्षांपूर्वी गेलेले. पहिलं पत्र त्याने वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं. सहा तासांत त्याने साहेबांचं नाव एकदाही काढलं नाही.

जाताना वही मला देऊन गेला. तीत त्याच्या प्रत्येक पत्राची नक्कल होती, तारखेसकट. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही.

तेव्हा काळजी कशाची करायची, हे मला त्या मुलाने शिकवलं. तुमचा मुलगा २ नोव्हेंबरला एकटा गेला होता की मित्रांबरोबर? मित्रांबरोबर असेल तर ती त्याची जत्रा आहे. गाव जमतं, पोरं ओरडतात, दादरला गाडी बदलून भुकेली घरी येतात. क्लास बुडवल्याबद्दल रागवा, त्यापलीकडे काही नाही. एकटा जात असेल, आल्यावर गप्प होत असेल, तिथल्या माणसाने आपल्याकडे बघितलं की नाही याचीच चर्चा करत असेल, 'मी इतक्यांदा गेलो' असे आकडे सांगत असेल, तर लक्ष द्या. झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर जवळच्या समुपदेशकाकडे वडिलांसकट तिघंही जा. त्याला एकट्याला पाठवू नका.

आणि एक करून बघा. रविवारी दुपारी त्याच्या खोलीत चहा घेऊन जा आणि भिंतीवरचा पहिला फोटो कोणता लावला, ते विचारा. कधी लावला, तेव्हा घरात काय चाललं होतं, तेही विचारा. मग मधे न बोलता ऐका. काय म्हणाला ते मला जरूर कळवा, पत्ता अंकात दिलेलाच आहे. तुमच्या पत्राला उत्तर मी माझ्या हाताने लिहीन, आणि खाली सही माझीच असेल.