गोचिडाचं बाटलीतलं आयुष्य

पोरी,

शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात पीजीला विषय गोचिडाचा मिळाला आणि तू तोंड वाकडं केलंस, ताईनं फोनवर सगळं सांगितलं मला. अगं आपल्या माण-आटपाडीकडं कुठल्याही गोठ्यात जाऊन बघ, माणूस गाय फवारतो आणि भिंतीच्या भेगा, गव्हाणीचं बूड तसंच सोडतो, मग महिन्याभरात परत गोचीड दिसले की म्हणतो औषध बोगस निघालं. बूफिलस, म्हणजे आपल्या गाईगुरांवरचा नेहमीचा गोचीड, जनावरावर असतो जेमतेम तीन आठवडे, लार्वा म्हणजे अंड्यातनं निघालेलं पिल्लू चढल्यापासनं मादी रक्त पिऊन गळेपर्यंत, बाकी सगळा खेळ खाली जमिनीवर, आणि तोच तुला बाटलीत बघायचाय.

माद्या गोळा करायला सकाळी लवकर जा, टम्म फुगलेल्या बहुतेक पहाटेच गळतात. अंगावरची काढायची झाली तर चिमट्यानं कातडीलगत धरून हळू ओढ, तोंड आत तुटलं तर ती गेली कामातनं. धुवायची, फिल्टर पेपरवर टिपायची, वजन करायचं, बाटलीत टाकून तोंडाला मलमल बांधायची, आणि प्रत्येक बाटलीवर गाव अन् तारीख, लक्षात राहील वगैरे काही नाही.

आता खरी गोम. तापमान 27-28 डिग्री सगळेच ठेवतात, बीओडी, म्हणजे तापमान कायम राखणारं इन्क्युबेटरचं कपाट, लावला की झालं, पण ओलावा 80-85 टक्के पाहिजे आणि साधा बीओडी तो देत नाही, म्हणून डेसिकेटरच्या, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या, तळाशी पोटॅशियम क्लोराईडचं संपृक्त द्रावण (आणखी मीठ विरघळणार नाही इतकं) ठेव आणि आत ओलावा मोजायचा हायग्रोमीटर टाक. अंडी चिपाडासारखी सुकली तर ओलावा कमी, पांढरी बुरशी चढली तर जास्त. उन्हाळ्यात तर रोज बघायचं, उद्या बघू म्हणालीस की आठवड्याचं काम पाण्यात.

दोन ते चार दिवसांत अंडी सुरू होतात, तेव्हा मायक्रोस्कोपखाली नक्की बस. डोक्याच्या मागनं एक ओली पिशवी बाहेर येते आणि प्रत्येक अंड्याला मेणाचा हात फिरवून आत जाते, जेनेचं इंद्रिय म्हणतात त्याला, हे मेण नसलं तर अंडं वाळून जातं. मादी दोन-तीन हजार अंडी घालते, आकसत जाते आणि मरते. अंड्यांचं वजन मादीच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास आलं तर सेटिंग बरोबर आहे समज.

पुढं तीन-चार आठवड्यांनी लार्वा, सहा पायांचे, राईच्या दाण्याहून बारीक. लगेच औषधाच्या टेस्टला घेऊ नकोस, अंग कडक व्हायला वेळ दे, 7 ते 14 दिवसांचे झाले की घे. तोवर ते मलमलीखाली घोस करून बसतात आणि वर नुसती फुंकर मारली तरी सगळा घोस वळवळायला लागतो, श्वासातला कार्बन डायऑक्साईड कळतो त्यांना. 1 ग्रॅम अंड्यांतनं वीसेक हजार निघतात हे डोक्यात ठेव, पांढरा ॲप्रन, बाह्यांना टेप आणि बाटल्या साबणपाण्याच्या ट्रेमध्ये उभ्या.

गाईडनी हायलोमा, म्हणजे गोचिडाची दुसरी जात, मागितला तर आत्ता घाई नको. त्याचे लार्वा आणि त्यापुढच्या अवस्थेतले निम्फ सशाच्या कानावर पोसावे लागतात आणि त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, शिवाय गाईगुरांचा थायलेरिया रोग तोच पसरवतो, माणसाला होणाऱ्या काँगो फिव्हरचा विषाणूही त्याच्यात असू शकतो, तेव्हा ग्लोव्हज नसताना हात लावायचा नाही आणि नखानं चिरडायचा तर अजिबात नाही. गाईडना परवानगीचं आधी विचार, काय म्हणाले ते कळव.

मामा