मोंढ्यातल्या पावतीपुस्तकाचं वय

अनेक आशीर्वाद.

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतीच्या (दलालीच्या दुकानाच्या) माळ्यावरची पावतीपुस्तकं भंगारात जाण्याआधी तुझ्या हाती लागली, हे बरं झालं. आता स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकात उरणाऱ्या प्रतीवर, शाईनं लिहिलेली तारीख वहीत उतरवायची घाई करू नकोस. ती पावती फाडल्याची तारीख, छापल्याची नव्हे. आडते गठ्ठ्यानं पुस्तकं छापून घेत आणि ती वर्षानुवर्षं पुरवत.

आधी रकमेचे रकाने बघ. ‘रु. आ. पै.’ असेल तर तो मजकूर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधी जुळवलेला. ‘न. पै.’ (नवे पैसे) असेल तर त्यानंतरचा. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गेला. आण्यांच्या रकान्यात पेनानं ३७ किंवा ६२ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नकोस. आणे पंधराच्या पुढं जात नाहीत, म्हणजे जुन्या छापील पुस्तकात नवे पैसे मांडलेत. अशी पावती मिळाली की वेगळी काढ, तिच्यात दोन्ही काळ सापडतात.

फसली साल, म्हणजे महसुली कामाचं जुनं वर्ष, दिसलं तर जपून. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. इसवी सन काढायला डोळे झाकून फसली आकड्यात ५९० मिळवलेस तर पोलीस कारवाईच्या (सप्टेंबर १९४८) दिवसांतली पावती १९४७ मध्ये जाऊन बसेल. आणि नुसत्या ‘हाली’ (निजामाच्या चलनाचं नाव) शब्दावरून निजामी काळ ठरवू नकोस. हाली रुपया १९४८ नंतरही काही वर्षं चालत होता.

पत्ताही बोलतो. ‘जालना, जि. औरंगाबाद’ हे १ मे १९८१ च्या आधीचं, ‘हिंगोली, जि. परभणी’ १ मे १९९९ च्या आधीचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मात्र छापखानेवाले नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांचा साचा, न सोडता बांधूनच ठेवत आणि बदललेली तेवढीच ओळ फिरवत, त्यामुळं जुना जिल्हा पुढंही छापला जाई. दोन खुणा भांडल्या तर नवी धर.

मग पान पालथं करून बोट फिरव. खिळ्यांची छपाई असेल तर मागं दाब लागतो, भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते. शिळाछापाला आणि ऑफसेटला हा दाब नाही. उर्दू मजकूर बहुधा कातिबाच्या (सुलेखन करणाऱ्याच्या) हातचा, शिळेवरून उतरवलेला. दोन पुस्तकांत एकच तुटकी वेलांटी त्याच शब्दात सापडली, तर ती एकाच फर्म्यावरची असण्याचा संभव मोठा. तेवढ्या अक्षराचा जवळून फोटो घे, शेजारी पट्टी ठेवून.

गंजलेली टाचणी ओढू नकोस, कागद तिच्याबरोबर येतो. खालून जाड कागदाची पट्टी सरकवून टाचणी सैल कर. फाटलेल्याला सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडतो आणि काढताना शाई घेऊन निघतो. कसर लागलेली पुस्तकं बाकीच्यांत मिसळण्याआधी बाहेर मऊ ब्रशनं झाडून घे.