अभ्यासिका भरलेली, देवघेव विभाग रिकामा

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत जागा पुरत नाही, उलट पुस्तके घरी नेणारे सभासद वर्षागणिक घटत आहेत. आता सगळे मोबाइलवर मिळते, तेव्हा पुस्तकांची कपाटे काढून तेथेही अभ्यासाची टेबले मांडावीत, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आला आहे. आपले मत काय? – एक विश्वस्त

उत्तर : हा प्रस्ताव मंजूर करू नये. अभ्यासिकेची गरज खरी आहे. घरी स्वतंत्र खोली नसलेल्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शांत जागा आणि इंटरनेट देणे हे आजच्या ग्रंथालयाचेच काम आहे. परंतु १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मिळणारा अ, ब, क, ड यांपैकी दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या आणि नियतकालिके पाहिली जातात, त्यामुळे कपाटे गेली तर अनुदानही अडचणीत येईल. जागाच हवी असेल, तर जुन्या अभ्यासक्रमाची कालबाह्य मार्गदर्शके रीतसर ठराव करून आधी बाद करावीत.

सगळे मोबाइलवर मिळते, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. मराठी विश्वकोश किंवा राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत आणि ती कशी शोधावीत हे ग्रंथपालाने वाचकांना आवर्जून दाखवावे. पण तालुक्यातील बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गावच्या मंडळाने काढलेला दिवाळी अंक हे बहुधा आपल्याच कपाटात, शिवण सुटलेल्या आणि कडा झडू लागलेल्या अवस्थेत पडून असतील. दाखल नोंदवहीशी ताडून त्यांची यादी करणे आणि त्यांचे स्कॅनिंग करून घेणे, हे काम आपल्या वाचनालयाखेरीज दुसरे कोणीही करणार नाही, म्हणून मी ते सर्वांत तातडीचे मानतो. प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देते. ती सर्वांसाठी इंटरनेटवर खुली करणे ही वेगळी बाब आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणून तोपर्यंत हक्कधारकाची परवानगी घ्यावी.

सभासदसंख्येसाठी एक सूचना करतो. अभ्यासिकेच्या शुल्कातच एक पुस्तक घरी नेण्याची सवलत द्यावी आणि नव्या पुस्तकांची मांडणी अभ्यासिकेच्या दाराशीच करावी.