बोअरच्या जड पाण्यात झाडांची फिश टँक टिकते का? शेवाळासाठी कोणतं औषध टाकावं?

तुम्ही लिहिलंय की परभणीत दोन फुटी टाकीत झाडं लावलीत, दर रविवारी निम्मं पाणी बदलता, तरी शेवाळ हटत नाही. आणि दुकानदार म्हणतो, आपल्याकडच्या पाण्यात झाडांची टाकी होतच नसते. औषधाचं पुढे बघू. आधी त्या दुकानदाराचं.

हेच वाक्य मी आमच्या दाजींकडून ऐकलंय. दाजी पुण्याला असतात, त्यांची चार फुटी टाकी खरंच बघण्यासारखी आहे. २०१५ च्या दिवाळीत लातूरला आमच्याकडे आले, माझी टाकी बघितली. काचेवर हिरवे ठिपके, वॅलिस्नेरियाच्या (गवतासारख्या लांब पातीचं पाण्यातलं झाड) पातीला केसांसारखं लोंबणारं शेवाळ. सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाले, "तुमच्या लातूरच्या पाण्यात झाडं जमायची नाहीत. प्लास्टिकची लावा. नाहीतर पाणी बदला, अजून बदला." मी मान खाली घालून ऐकलं आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदलायला लागलो. शेवाळ तसूभरही कमी झालं नाही.

मग ते वर्ष आलं. २०१६ च्या उन्हाळ्याचं मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी. आमचा बोअर फेब्रुवारीतच आटला होता. घरात टँकरचं पाणी मापून वापरायचं चालू होतं आणि मी टाकीतलं बादलीभर पाणी काढून मोरीत ओतत होतो. दारात शेजारच्या काकू रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. घागर भरून दिली, आणि त्या दिवसापासून टाकीचं पाणी बदलणं बंद केलं.

बंद केल्यावर मी पहिल्यांदा टाकीकडे नीट बघितलं. टाकी पूर्वेच्या खिडकीपाशी. सकाळी सहापासून ऊन, दुपारनंतर एलईडी, तो रात्री अकरापर्यंत. सतरा तास उजेड! शेवाळाला अजून काय पाहिजे? दर बादलीमागे जो दोष मी पाण्यावर घालत होतो, तो सगळा उजेडाचा होता.

भरलेली टाकी हलवता येत नाही, म्हणून मागच्या काचेला काळा चार्ट पेपर चिकटवला, खिडकीला जुनी सतरंजी लावली. मग दिवा बंद करून टाकीवर गोधडी टाकली, चार दिवस. खाणंही बंद. एअर पंप मात्र चालू, कारण अंधारात झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. तिसऱ्या रात्री लाईट गेली. थर्मामीटर ३३ दाखवत होता, मॉली वर येऊन तोंडं उघडत होत्या. मी स्टूल घेऊन बसलो आणि मग्गा भरून पाणी हातभर उंचावरून परत टाकीतच ओतत राहिलो. लाईट आली तेव्हा साडेतीन वाजले होते. एकही मासा गेला नाही. पाचव्या दिवशी गोधडी काढली तर ते केसाळ शेवाळ फिकट पडून सैल झालं होतं. जुन्या टूथब्रशला गुंडाळलं की ओल्या लोकरीसारखं निघत होतं.

त्यानंतर टायमर लावून उजेड सहा तासांवर आणला. औशाच्या मित्राच्या हौदातली हायड्रिला ही पाणवनस्पती आणून, पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात धुऊन, दाट लावली. खाणं दिवसाआड. आणि जड पाण्याचं म्हणाल, तर वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला दोन्ही पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात. आपल्या बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतं. म्हणजे दाजी जो दोष म्हणत होते, तो या झाडांच्या फायद्याचा. दोन महिन्यांत मागची काच दिसेना इतकी पाती वाढली. दाजींनी फोटो बघितला आणि "पावसाचं पाणी घातलं असेल" म्हणाले. तेव्हा पाऊस पडायचाच होता.

खरी अडचण वेगळीच आहे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि वरून परत बोअरचंच पाणी टाकलं की टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढत जातो. उडालेल्या पाण्याची भर जारच्या पाण्याने घाला आणि वर काच झाका.

आता औषध. तांबं असलेलं औषध टाकीत घालूच नका. गोगलगायी आणि झिंगे मरतात, आणि मेलेलं शेवाळ तिथेच कुजून पुढच्या शेवाळाला खत होतं. 'शेवाळ खाणारा' म्हणून सकर मासा देतील, तोही नको. फूटभराच्या पुढे वाढतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. घेऊन झाला असेल तर दुकानात परत द्या, गोदावरीत किंवा धरणात सोडू नका. फिल्टरच्या तोंडाशी शेवाळाचे काळे झुपके असतील तर ते अंधाराने जात नाहीत. मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, दर ५ लिटरला १ मिलीच्या वर नाही, फिल्टर दहा मिनिटं बंद करून सिरिंजने थेट झुपक्यावर सोडा. वॅलिस्नेरियाला लागू देऊ नका, ती नाजूक असते.

एक सांगायचं राहिलं. पाणी बदलूच नका असं मी म्हणत नाही. नव्या टाकीत किंवा मासे जास्त असतील तर बदलावंच लागतं, आणि ते पाणी कुंडीतल्या झाडांना घाला, त्यांना फार मानवतं. टाकी दोन-तीन महिन्यांचीच असेल आणि काचेवर तपकिरी धूळ दिसत असेल तर काहीच करू नका, ती आपोआप जाते. निळसर-हिरवा, वास येणारा, पापुद्र्यासारखा निघणारा थर असेल तर ते शेवाळ नाही, बॅक्टेरिया आहेत. त्यांच्यावरही गोधडी चालते, आधी हाताने थर काढून घ्या.

दिवा किती तास चालू असतो आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे तुम्ही लिहिलंच नाही. ते कळवा.