आजी गात का होती

सोनू,

आबा गेले त्या रात्री व्हिडिओवर तू आजीला गाताना पाहिलंस आणि विचारलंस, "मम्मी, आजीला वाईट वाटत नाहीये का?" मी फोन पालथा ठेवला, तुला झोपायला पाठवलं. तेव्हापासून तो प्रश्न मला सलतोय.

राजूमामा तुला भिंतीवरच्या फोटोपुरताच माहीत. तो तापाने गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा 1998 मध्ये झाला. मिरचीचा हंगाम होता. आजी पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात तिथे, देठ खुडायला जायची. त्या संध्याकाळी आपल्या चर्चच्या मंडळीतल्या बायका पथारीवरून तशाच आमच्याकडे आल्या. हात कितीही धुतले तरी मिरची जात नाही गं. शांतामावशीने माझे डोळे पुसले, तर ते आणखीच झोंबले.

पाळकसाहेबांनी तेविसावं स्तोत्र वाचलं. मग पेटी, टाळ. आजीने पहिली ओळ धरली, दुसरीला तिचा आवाज गेला. बायकांनी ती ओळ उचलली. आजी परत आली, परत थांबली. रात्रभर असंच. रडणं कुठलं, गाणं कुठलं, मला कळत नव्हतं. पहाटे तिने भाकरीचा तुकडा मोडला, दोन दिवसांनी पहिल्यांदाच.

ती भजनं कवी नारायण वामन टिळकांची. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. म्हणून येशूशी बोलताना आजीला परके शब्द शोधावे लागत नाहीत.

खरं सांगू? मी गोधडीत तोंड खुपसून राजूसाठी प्रार्थना केली होती. तो गेलाच. पुढे वर्षभर देवळात मी नुसते ओठ हलवायचे. आजीला ते कळलं होतं. रागावली नाही, माझ्या शेजारी बसून जरा मोठ्याने गायची, एवढंच.

देवाने तेव्हा का ऐकलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही. आजीला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "मित्र लाजर मेला तेव्हा येशूपण रडला ना? मग तो माझ्याजवळ बसून रडला असेल. मला तेवढं पुरलं." मला ते दर वेळी पुरतं असं नाही. पण परवा आबांची बातमी आली तेव्हा स्वयंपाकघरात मी तीच ओळ गुणगुणत होते.

रविवारी आजीचा फोन येईल. सलाम म्हण. तू गायलाच हवं असं काही नाही. मध्येच तिचा आवाज थांबला, तर फोन मात्र ठेवू नकोस.

मम्मी